गार पाण्यात बसायचं असेल तर आधी पहिलं मिनिट शिका

नाशिकहून एका वाचकाने विचारलं आहे: वय ४५, दिवसभर बैठं काम, ताण भरपूर, झोप तुटक. संध्याकाळी जिमला जातात. मोबाइलवर बर्फाच्या टबात बसणारे लोक पाहून त्यांनी २०० लिटरचं निळं पिंप आणून ठेवलं आहे. पाणी किती गार हवं, किती वेळ बसायचं, जिमहून आल्यावर लगेच बसलं तर चालेल का, आधी भस्त्रिका करावी का, आणि १२ वर्षांच्या मुलालाही सोबत घ्यावं का, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी जाता जाता लिहिलं आहे की रक्तदाबाची एक छोटी गोळी वर्षभर चालू आहे.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. क्रीडा-फिजिओथेरपीच्या कामात खेळाडूंना गार पाण्यात बसवणं हा माझा नेहमीचा भाग आहे. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हृदयाचा आणि रक्तदाबाचाच विचारते. किती अंश, किती मिनिटं हे सगळं नंतरचं.

अंग एकदम गार पाण्यात गेलं की त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंकडून मेंदूला एकाच वेळी प्रचंड प्रमाणात खबर जाते. शरीर तुमची परवानगी न घेता एक मोठा श्वास आत ओढतं. त्यामागोमाग धाप लागते, नाडी पळते, हातापायांच्या आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात. तिथलं रक्त छाती-पोटाकडे ढकललं जातं, वर पाण्याचा दाबही त्याच दिशेने काम करतो. हृदयाला एकदम जास्त रक्त, जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. रक्तदाब उसळतो. हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात टोकाला पोचतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या माइक टिप्टन यांनी या प्रतिक्रियेवर अनेक वर्षं काम केलं आहे. गार पाण्यात बुडून होणाऱ्या अनेक मृत्यूंचं कारण शरीर गारठणं नसून हा पहिल्या मिनिटातला धक्का असतो, ही समज त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे रुजली. तोंड पाण्याखाली असताना तो नकळत ओढलेला श्वास आला, तर हवेऐवजी पाणी आत जातं.

कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेख्ट बर्फाळ पाण्यात पडलेल्यांसाठी एक सोपा हिशेब सांगतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय उपयोगी राहतात तेवढी, आणि साधारण एक तास शुद्ध हरपेपर्यंत. तुम्ही पिंपात बसणार आहात, गोठलेल्या तळ्यात पडणार नाही. तरी यातलं पहिलं मिनिट तुमच्यासाठीही तेवढंच खरं आहे. मी तर पुढे जाऊन म्हणेन की गार पाण्याचा फायदा आणि धोका, दोन्ही बहुतांशी त्याच मिनिटात आहेत. ते मिनिट नीट पार करायला शिकणं म्हणजेच हा सगळा सराव. बर्फ किती आणि मिनिटं किती, याची चढाओढ त्यापुढे गौण आहे.

तर तुमच्या गोळीबद्दल. औषध चालू आहे म्हणजे दार कायमचं बंद, असं नाही. पण आज पिंपात बसू नका. आधी दोन आठवडे घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजा, वहीत लिहा आणि तुम्हाला गोळी देणाऱ्या डॉक्टरांना ती वही दाखवून सरळ विचारा: मला गार पाण्यात मानेपर्यंत बसायचं आहे, चालेल का? गोळी कोणत्या गटातली आहे यानेही फरक पडतो. नाडी मंद ठेवणारी काही औषधं आणि लघवी वाढवणारी औषधं यांच्याबाबत विशेष विचारा. गार पाण्यात बसल्यावर लघवीची भावना एरवीही वाढते, कारण आत ढकललेलं रक्त शरीराला जादा पाणी साचल्यासारखं वाटतं. त्यात गोळीनेही पाणी बाहेर काढलं असेल, तर उठून उभं राहताना घेरी येऊ शकते. डॉक्टरांनी ईसीजी किंवा आणखी तपासणी सुचवली तर ती करून घ्या. वय ४५, बैठं आयुष्य आणि ताण, एवढ्या गोष्टी त्यासाठी पुरेशा आहेत.

काहींना मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. हृदयविकार झालेले, छातीत दुखणारे, नाडी अनियमित असणारे, पक्षाघात होऊन गेलेले, फिट्स येणारे, रक्तदाब आटोक्यात नसलेले, गरोदर स्त्रिया. थंडीत ज्यांची बोटं आधी पांढरी, मग निळी पडतात त्यांनीही यात पडू नये. गार पाणी लागलं की ज्यांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, त्यांना तर पूर्ण अंग बुडवल्यावर एकदम रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो. गार हवेने दमा उसळणाऱ्यांनीही दूर राहावं. आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले लोक: आपल्याकडे असे लोक घरोघरी आहेत आणि त्यातल्या अनेकांना ती कमी झाल्याचं कळलेलंच नसतं. पायाला इजा होईपर्यंत त्यांना थंडी जाणवत नाही.

आता हे करायचं तरी कशासाठी? प्रसिद्धीत आणि पुराव्यात मोठं अंतर आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा २००० साली प्रसिद्ध झालेल्या चेक संशोधकांच्या प्रयोगातला आहे. तरुण पुरुषांना डोकं बाहेर ठेवून १४ अंशांच्या पाण्यात एक तास बसवलं, तेव्हा रक्तातलं नॉरअ‍ॅड्रिनलिन हे सावध करणारं रसायन ५३० टक्क्यांनी आणि डोपामिन २५० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा ऐकला की वाटतं, आनंदाचं रसायन साडेतीन पट! दोन गोष्टी मात्र सांगायच्या राहून जातात. ते तासभर बसले होते, दोन मिनिटं नव्हे. आणि मोजलेलं डोपामिन रक्तातलं होतं. रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरत नाही. त्यामुळे पाण्यातून बाहेर आल्यावर येणारी तरतरी खरी असली, तरी तिचं कारण म्हणून हा आकडा पुढे करणं मला पटत नाही. ती तरतरी मी रोज पाहते. चेहरा उजळतो, माणूस बोलका होतो, पुढचे एक-दोन तास डोकं स्वच्छ वाटतं. सावध करणारी यंत्रणा जोरात चालू होऊन मग शांत होते, एवढं तिच्यामागे नक्की आहे.

नेदरलँड्समध्ये ३००० हून अधिक लोकांवर झालेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो तुमच्या जास्त कामाचा आहे, कारण त्यात पिंप नाही, बर्फ नाही. नेहमीच्या गरम शॉवरच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी, असं ३० दिवस. अशा लोकांच्या आजारपणाच्या रजा इतरांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी भरल्या. आजारी वाटण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे सर्दी व्हायची तेवढी झाली, पण माणसं उठून कामावर गेली. आणि ३० सेकंदांच्या गटाला जेवढा फायदा झाला, जवळपास तेवढाच ९० सेकंदांच्या गटाला. मला यातून एवढंच दिसतं की थोडकं पुरतं.

‘आठवड्याला ११ मिनिटं’ हा आकडाही तुम्ही ऐकला असेल. तो डेन्मार्कमधल्या २०२१ च्या अभ्यासातून आला. तिथे हिवाळ्यात समुद्रात उतरून मग सौनात, म्हणजे तापवलेल्या खोलीत, बसणारे मोजकेच तरुण पुरुष पाहिले गेले आणि त्यांचं गार पाण्यातलं आठवड्याचं सरासरी वेळापत्रक तेवढं निघालं. ते लोक काय करत होते, याची ती नोंद आहे. तुम्ही काय घ्यावं याचा तो डोस नव्हे.

२०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी लोकांवरचे ११ प्रयोग एकत्र करून पाहिले. ताण कमी झाल्याचं दिसलं, पण पाण्यातून निघाल्यावर साधारण १२ तासांनी, लगेच नाही. आणि शरीरातल्या दाहाच्या, म्हणजे सूज आणणाऱ्या प्रतिक्रियेच्या, खुणा पाण्यात बसल्यावर लगेच आणि तासाभराने कमी न होता वाढल्याच. ‘आइस बाथने दाह जातो’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते निदान त्या वेळेपुरतं तरी उलटं आहे. झोपेबद्दलचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. तुमची झोप तुटक आहे म्हणून सांगते: रात्री झोपायच्या आधी हा प्रयोग करू नका. सावध करणारी यंत्रणा जागी करून मग अंथरुणावर पडण्यात काही शहाणपण नाही. सकाळची वेळ घ्या. आणि नैराश्याची औषधं चालू असतील, तर गार पाण्याच्या भरवशावर ती कधीही सोडू नका. हे मी कोणालाही सांगायचं टाळत नाही.

आता आपल्याकडचं पाणी. ही सगळी चर्चा युरोपातून आलेली आहे. तिथे हिवाळ्यात नळाचं पाणी ७-८ अंशांवर येतं आणि उत्तरेकडचा समुद्रही तसाच गार असतो. मुंबईचा समुद्र हिवाळ्यातही २३-२४ अंशांच्या खाली फारसा उतरत नाही. म्हणून धरमतर ते गेटवे असं लांब पल्ल्याचं पोहणाऱ्या आपल्या जलतरणपटूंना इंग्लिश खाडीची तयारी करताना गार पाणी शोधत दूर जावं लागतं. त्या खाडीसाठी १६ अंश किंवा त्याहून गार पाण्यात ६ तास पोहून दाखवावं लागतं. पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून २०१८ मध्ये तो पल्ला पूर्ण केला. त्यामागे थंडीची सवय करण्यात घालवलेली वर्षं आहेत. मला यातून एवढंच दाखवायचं आहे की १६ अंश हा अट्टल जलतरणपटूंच्या चाचणीचा आकडा आहे. आपल्या अंगाला १६ म्हणजे मिळमिळीत नव्हे.

तुमच्याकडे तर नाशिकची थंडी आहे. निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली गेला आहे. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी हाताला झोंबतं. तापमापक बुडवून पाहा, अनेकदा ते २० च्या खाली सापडेल. त्या महिन्यांत तुम्हाला बर्फाची गरजच नाही. बादली आणि तांब्या पुरे.

उन्हाळ्यात बर्फ लागेल, म्हणून त्याचं गणितही देते. २०० लिटरच्या पिंपात तुम्ही बसल्यावर पाणी वर येणार, तेव्हा भरायचं साधारण १२० लिटर. नळाचं पाणी २५ अंश असेल आणि ते १५ वर आणायचं असेल, तर १२ ते १३ किलो बर्फ लागतो. ३०० लिटरच्या आडव्या टबाला तेवढ्याच उतारासाठी ३० किलोच्या पुढे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात टाकीचं पाणी ३५ च्या आसपास असतं, तिथे हे जवळपास दुप्पट होईल. लादी फोडून टाकली तरी बर्फ वितळायला वेळ लागतो आणि पाणी कुठे गार, कुठे कोमट असं राहतं. म्हणून काठीने ढवळून, मधल्या खोलीवर तापमापक धरून मगच उतरायचं. हाताच्या अंदाजावर कधीही जाऊ नका. सवय झालेला हात १२ अंशांनाही ‘ठीक आहे’ म्हणतो.

बर्फ निळसर दिसला तर दचकू नका. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग टाकण्याची सक्ती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये केली. असा बर्फ अंग बुडवायला चालतो, पण अंगावर उघडी जखम असेल तर नको आणि ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका.

तुमच्या पिंपाबद्दल मला जास्त काळजी वाटते. बाजारात मिळणारी निळी पिंपं बहुतेक वेळा कारखान्यातून रिकामी होऊन आलेली असतात आणि तुमच्या भागात ती द्राक्षबागेच्या फवारणीलाही वापरली जातात. आधी त्यात काय होतं हे विकणाऱ्याला खात्रीने सांगता येत नसेल, तर ते पिंप फुलझाडांना पाणी घालायलाही वापरू नका. त्यात अंग बुडवणं दूरच. नवं असलं तरी उभ्या, अरुंद पिंपात मांड्या दुमडून बसावं लागतं आणि तीन-चार मिनिटांनी हातापायात जोर नसताना त्याच्या कडेवरून बाहेर यायचं असतं. माणसं पडतात ती इथेच. त्यापेक्षा गुडघ्याएवढ्या उंचीचा रुंद टब घ्या, खाली न घसरणारी चटई टाका आणि धरायला पक्का आधार ठेवा. पाणी गार करणारं विजेचं यंत्र लावणार असाल तर अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा स्विच बसवलेला हवा, आणि तुम्ही पाण्यात असताना प्लग काढलेला हवा.

सुरुवात कशी करायची, तेही सांगते. पहिले चार आठवडे पिंप किंवा टब विसरा. रोजची गरम अंघोळ करा आणि शेवटी ३० सेकंद गार पाणी घ्या. पाणी घेण्याचा क्रम आपल्या घरातल्या मोठ्यांना माहीत होता: आधी पाय, मग हात, मग मांड्या, मग खांदे आणि पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. हळूहळू, एकेका भागाने गेलं की त्वचेकडून येणारी खबर थोडी थोडी पोचते आणि तो हिसका बसत नाही. गार पाण्याच्या नियमित स्नानाची आपल्याकडे जुनी सवय आहे. कार्तिक आणि माघातली पहाटेची स्नानं आहेत, उरुळी कांचनच्या १९४६ सालच्या निसर्गोपचार आश्रमात कटिस्नान आहे. त्यातलं मला आवडणारं हे की तिथे पाणी साधं गार असतं आणि कटिस्नानात तर शरीराचा एकच भाग पाण्यात असतो. बर्फाची हौस नंतरची आहे.

त्या ३० सेकंदांत एकच काम करायचं: श्वास सोडायचा. ओढण्याची काळजी शरीर घेतंच. ओठ थोडे मिटून, गरम चहावर फुंकर घालावी तसा लांब उच्छ्वास. मी नवीन माणसाला सांगते की सोडताना मनात सहापर्यंत मोजा. पहिल्या दोन-तीन वेळा तीनच्या पुढे मोजता येत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी सहा होतात. हा फरक सगळ्यांत दिसतो आणि त्याला शास्त्राचा आधार आहे: गार पाण्यात दोन-तीन मिनिटांची पाच-सहा स्नानं झाली की पहिल्या मिनिटातली ती प्रतिक्रिया जवळपास निम्म्यावर येते, आणि ही सवय कित्येक महिने टिकते. म्हणूनच मला रोज करण्याचा आग्रह नाही. आठवड्याला दोन-तीनदा, न चुकता, हे बरं.

महिनाभराने, डॉक्टरांची हरकत नसेल तर, टबात उतरा. पहिल्यांदा २० अंश, एक मिनिट. तिथे श्वास आणि बोलणं नीट चाललं तर पुढच्या आठवड्यात १८, मग १५. बाहेर कोणीतरी उभं असायला हवं आणि त्याने तुम्हाला अधूनमधून काही विचारत राहायचं. पूर्ण वाक्यात उत्तर देता येत नसेल तर बाहेर या. वेळ दोन ते तीन मिनिटं. त्याहून जास्त बसण्याने तुम्हाला हवं ते आणखी मिळेल, असं मानायला मला आधार दिसत नाही. आणि १५ च्या खाली उतरण्याची घाई नको. धाप लावणारी ती प्रतिक्रिया १० ते १५ अंशांच्या दरम्यानच आपलं टोक गाठते. ४ अंशांच्या पाण्यात श्वासाची परीक्षा आणखी कठीण होत नाही. बोटं बधिर होतात, नसा दुखावतात, एवढंच वाढतं.

डोकं बुडवायचं नाही. याचं कारण बहुतेकांना माहीत नसतं. गार पाणी त्वचेला लागल्यावर हृदय पळतं, पण तेच पाणी चेहऱ्याला लागलं आणि श्वास रोखला तर हृदय मंद होण्याचा उलटा हुकूम सुटतो. दोन्ही हुकूम एकाच वेळी पोचले तर नाडी अनियमित होऊ शकते. निरोगी तरुणांतही हे दिसतं; बहुतेकांत ते निमूट निघून जातं, पण लपलेला हृदयविकार असणाऱ्याला ते महागात पडू शकतं. चेहऱ्यावर गार पाणी मारायचं असेल तर ते बेसिनपाशी, वेगळं.

भस्त्रिकेबद्दल तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. भस्त्रिका, कपालभाती किंवा परदेशी पद्धतीचं जोरजोरात श्वसन पाण्यात उतरण्याआधी किंवा पाण्यात असताना अजिबात करायचं नाही. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटणं हे मुख्यतः त्या वायूच्या प्रमाणावर चालतं. तो कमी झाला की मेंदूला प्राणवायू कमी पडू लागला तरी आतून हाक येत नाही, आणि माणूस काहीही न जाणवता बेशुद्ध होतो. जमिनीवर हे झालं तर आडवं पडून भागतं. पाण्यात तो बुडतो, मग पाणी कंबरभर का असेना. भस्त्रिका करायची असेल तर सकाळी सतरंजीवर करा आणि पाण्याच्या वेळेपासून ती पूर्ण वेगळी ठेवा. पाण्यात फक्त लांब उच्छ्वास.

बाहेर आल्यावर लोक निर्धास्त होतात, पण शरीराचं काम अजून चालू असतं. गारठलेल्या हातापायांतलं रक्त आतल्या रक्तात मिसळतं आणि बाहेर आल्यानंतरही काही काळ आतलं तापमान उतरत राहतं. दोन-तीन मिनिटांच्या बैठकीत हे नगण्य असतं. दहा-पंधरा मिनिटं बसणाऱ्यांना मात्र बाहेर आल्यावर वीस मिनिटांनी खरी हुडहुडी भरते. ओले कपडे लगेच काढा, अंग टिपून कोरडं करा, आधी धड झाका, मग पाय. लोकरी टोपी घाला. गरम, गोड काहीतरी प्या आणि चालत राहा. थेट गरम शॉवरखाली उभं राहू नका. आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात, रक्तदाब पडतो आणि ओल्या फरशीवर माणूस कोसळतो. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता, म्हणून हे तुमच्यासाठी दुप्पट लागू आहे. अंग कापत असेल तोवर गाडी चालवायची नाही. आणि थंडी घालवायला मद्य घेणं हा जुना गैरसमज आहे. त्याने त्वचेकडे रक्त जातं, उब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते.

जिमनंतर लगेच बसायचं का? तुम्ही जिमला कशासाठी जाता त्यावर हे ठरेल. ४५ नंतर स्नायू टिकवणं आणि वाढवणं हे मोठं काम आहे, आणि वजन उचलल्यावर लगेच गार पाण्यात बसण्याने तेच काम बिघडतं. ऑस्ट्रेलियात झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२ आठवडे व्यायामानंतर १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, हलका व्यायाम करून अंग सैल करणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. स्नायूला व्यायामाने जी दुखापतवजा चालना मिळते, तिच्यातूनच तो वाढतो. गार पाणी ती चालना दाबतं. तालमीत ‘आधी घाम जिरू दे, मग अंघोळ’ असं सांगतात, त्या सबुरीची इथे आठवण होते. तुम्ही संध्याकाळी जिम करता, तर गार पाणी सकाळी घ्या, म्हणजे मध्ये अंतर पडेल.

खेळाडूंना मात्र मी स्पर्धेच्या दिवसांत बसवते, कारण त्यांना स्नायू वाढवायचा नसतो, उद्या सकाळी परत मॅटवर उतरायचं असतं. लागोपाठ सामने असतील तर दुखणं कमी होतं. वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यातही नुसतं पडून राहण्यापेक्षा गार पाण्याने स्नायूंचं दुखणं कमी झाल्याचं दिसलं, जरी प्रयोग छोटे होते. मोसम संपला, ताकद वाढवण्याचे महिने सुरू झाले, की आमचे टब रिकामे असतात.

गार पाण्यात अंग बुडवण्याचा सगळ्यात भक्कम सिद्ध झालेला वैद्यकीय उपयोग आपल्याच हवामानातला आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून विषय थोडा सोडून लिहिते. उन्हात धावणारा, शेतात राबणारा किंवा भरतीच्या मैदानावर पळणारा तरुण उष्माघाताने असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर रुग्णवाहिका बोलावून ती येईपर्यंत त्याला मानेपर्यंत गार पाण्यात ठेवणं जीव वाचवतं. आधी गार करा, मग हलवा, हा क्रीडा वैद्यकातला नियम आहे. डोकं धरून ठेवायला माणूस हवा, पाणी ढवळत राहायला हवं. टब नसेल तर ताडपत्रीची झोळी धरून तिच्यात बर्फ-पाणी घाला. तेही नसेल तर अंगावर पाणी ओतत जोरात वारा घाला. उन्हाळ्यात धावण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी शेवटच्या रेषेपाशी असा एक टब भरून ठेवला तर माझ्यासारखीला फार समाधान वाटेल. वयस्कर माणसाला घरातच उष्माघात झाला तर अंग ओलं करून पंखा आणि तातडीने रुग्णालय हाच मार्ग बरा.

राहिला तुमचा मुलगा. १२ वर्षांच्या मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचा जास्त, त्यामुळे तो तुमच्यापेक्षा खूप लवकर गारठतो. शिवाय वडिलांसमोर मुलं ‘मला काही होत नाही’ म्हणत दात आवळून बसतात आणि थंडी लपवतात. त्याला बर्फाच्या पाण्यात बसवू नका. अंघोळीच्या शेवटी त्याला स्वतःहून दोन तांबे गार पाणी घ्यावंसं वाटलं तर घेऊ द्या, मोजणी लावू नका. तुम्ही टबात उतराल तेव्हा बाहेर उभं राहून तुम्हाला प्रश्न विचारण्याचं कामही त्याला देऊ नका. तिथे तुम्हाला बाहेर ओढू शकेल असं मोठं माणूस हवं. त्याला पोहायला घाला, आणि हे काम पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.